माग चालू असताना

"मुलाला मिशी हाय का?" आण्णांनी विचारलं.

म्हेत्रेकाकांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. ते सुताचे दलाल. बाजारात सूत जमवायचे आणि फावल्या वेळात लग्नं. आजवर मुलींच्या बापांनी त्यांना शेती विचारली होती, शिक्षण विचारलं होतं, एकाने तर मुलाच्या आजोबांना दम्याचा त्रास होता का तेही विचारलं होतं. मिशीची चौकशी करणारा बाप त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

"नसावी," ते म्हणाले.

"नसावी न्हवं. नक्की सांगा."

"सफाचट हाय. परवाच बघितलाय. का ओ होगाडे, मिशीचा काय नवस हाय व्हय?"

"तसंच काय तरी," आण्णा म्हणाले आणि त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. दारात मी उभी होते. त्या दोघांचं सगळं बोलणं मला कळलं होतं आणि त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता.

माझा उजवा कान सहाव्या वर्षी गोवराने नेला. डावा इचलकरंजीने नेला, पण थोडा थोडा करून. आमच्या गल्लीत घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत असायची. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आत बारा नाहीतर चोवीस यंत्रमाग. आण्णा तिथे माग चालवायचे आणि चौदाव्या वर्षापासून मी तिथेच कांड्या भरायचे. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते ती भरून द्यायचं काम, दिवसाचे दहा तास. त्या खडखडाटात कान असलेला आणि नसलेला सारखाच. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. शेडच्या त्या टोकाला बसलेली गंगुआक्का मला काल आमटी कशी नासली ते सविस्तर सांगायची आणि त्यासाठी आवाज काढायची तसदीही घ्यायची नाही.

म्हणजे आठवड्यातले सहा दिवस मी गल्लीतल्या कुणापेक्षाही कमी नव्हते. उलट चार बोटं सरसच. घोटाळा व्हायचा तो शुक्रवारी. शुक्रवारी आमच्या भागात लाईट नसायची, त्यामुळे माग बंद. गल्ली शांत झाली की माणसं बिघडायची. एकमेकांकडे न बघता बोलायची, स्वयंपाकघरातून बोलायची, पाठीमागून हाका मारायची. शुक्रवारी मी बहिरी असायचे.

आणि मुली बघायचा कार्यक्रम शुक्रवारीच व्हायचा, कारण पाहुण्यांना शांतता लागते.

असे पाच शुक्रवार झाले होते. पहिल्या मुलाच्या आत्याने मला पाठीमागून दोनदा हाक मारली, मी वळले नाही. "पोरगी लई मानी हाय," असा निरोप आला. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या वडिलांच्या मिशा एवढ्या घनदाट की त्यांच्या आड ओठ आहेत की नाहीत याचीच मला शंका. ते स्वयंपाकाचं विचारतील असं आईने पढवून ठेवलं होतं. त्यांनी शिक्षण विचारलं. मी सांगितलं, "शेवग्याची चांगली जमते." पाचवा मुलगा तर बिचारा एक शब्द बोलला नाही, लाजाळू दिसतोय म्हणून मी मनातून खूश झाले. नंतर कळलं, मी चहाचा ट्रे घेऊन आत जात असताना त्याने तीनदा माझं नाव विचारलं होतं.

म्हणून आण्णांनी या खेपेला डाव बदलला.

"गुरुवारी बोलवायचं," ते म्हणाले. "चालू दिवशी. बारा माग धडाडत असले की पावणं बी बहिरं. त्यात आपली पोरगी शाणी दिसंल का न्हाई?"

आईला हे एकदम पटलं. शेजारच्या गंगुआक्काला तर एवढं पटलं की तिने आण्णांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. गंगुआक्का जॉबरची बायको. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर, आणि माणूस बिघडला की दुरुस्त करते ती गंगुआक्का, असं गल्लीत म्हणायचे. मिशीवाल्या जॉबरशी वीस वर्षं संसार केल्यामुळे तिला मिशांमागचंही वाचता यायचं. ती विद्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती, निदान मी तरी तसं समजत होते.

"आणि लग्नानंतर?" मी विचारलं. "तितं काय रोज माग चालू असणार हाईत?"

"लग्नानंतर कोण कुणाचं ऐकतंय," आई म्हणाली.

सगळे हसले, मीही हसले. पण माझा प्रश्न तसाच राहिला. मी तेवीस वर्षांची होते. लग्न मला हवं होतं, खोटं कशाला बोलू. बरोबरीच्या मुलींची पोरं अंगणवाडीत जायला लागली होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. महिन्याभरात कुणीतरी मला पाठीमागून हाक मारणार, मी वळणार नाही, आणि मग एक दिवस माझी ट्रंक आणि मी आण्णांच्या दारात. "फसवलंसा आमाला" असं कुणीतरी आण्णांच्या तोंडावर म्हणणार. ते मला सहन झालं नसतं. हे मी कुणाला बोलले नाही. आमच्या गल्लीत न बोलता काही लपवायचं तर ओठ घट्ट मिटून ठेवावे लागतात, तसे मी दोन दिवस ठेवले.

गुरुवारी चार वाजता पाहुणे आले. मुलगा, त्याचे मामा आणि मामी. मुलाचं नाव उमाकांत भंडारे. वडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेला, तासगावकडच्या एका साखर कारखान्यात कामाला. मुलगा खरोखरच सफाचट होता, मी दारातूनच खात्री करून घेतली. मामांची मिशी मात्र कानापर्यंत होती. म्हेत्रेकाकांना मुलाची मिशी विचारली होती, मामांची कुणी विचारलीच नव्हती.

गल्लीत पाऊल टाकल्याबरोबर तिघांचीही तोंडं कसनुशी झाली. मामींनी कानांवर पदर घेतला. आण्णांनी त्यांना आमच्या पुढच्या खोलीत आणून कॉटवर बसवलं. कॉट कारखान्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे बसल्याबसल्या मामींचं सगळं अंग हलकं हलकं थरथरायला लागलं. समोर खुर्चीवर आण्णा बसले. आण्णांच्या पाठीमागे गल्लीकडची खिडकी आणि खिडकीच्या गजांना धरून गंगुआक्का.

"आवाज लई हाय ओ," मामा ओरडले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या बघून मला अंदाज आला.

"कसला?" आण्णांनी विचारलं.

मी पोहे घेऊन बाहेर आले, नमस्कार केला आणि सतरंजीवर बसले. मामांची मिशी हलली. मी खिडकीकडे बघितलं.

"नाव इचारतंय," गंगुआक्काचे ओठ म्हणाले.

"शालन दत्तोबा होगाडे," मी खणखणीत सांगितलं.

मिशी पुन्हा हलली. "शिकलीस किती," गंगुआक्का.

"सातवी."

मामा खूश झाले. एवढ्या गोंगाटात मुलीला एका दमात ऐकू जातंय म्हणजे कान काय तिखट असतील. ते मामींच्या कानाशी लागले आणि गंगुआक्काने खिडकीतून मला कळवलं, "कान तिखट हाईत म्हणतोय."

मी खाली बघितलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

शहाण्या माणसांकडूनही आमच्या गल्लीत एक चूक हमखास व्हायची. आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नाही, असं त्यांना वाटायचं. पाच मिनिटांत मामी मोकळ्या झाल्या. त्या मोठ्या मनाच्या बाई होत्या, पण जिभेला हाड नव्हतं, आणि आज तर कुणाचीच भीती नव्हती. कॉटवर बसून त्यांनी नवऱ्याशी खुशाल गप्पा सुरू केल्या.

"रंगानं बरी हाय," त्या म्हणाल्या. "नाक जरा फेंदारलंय."

"तुजं बघ जा आरशात," खिडकीतून गंगुआक्का म्हणाली, अर्थात नुसत्या ओठांनी. मामींना वाटलं, ही कोण बाई उभ्या उभ्या तंबाखू चघळतीय.

"पोह्यात मीठ कमी पडलंय," मामी म्हणाल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि मिठाची वाटी आणून मामींच्या पुढ्यात ठेवली. मामी दचकल्या. त्यांनी वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "योगायोग बगा." मग थोड्या वेळाने, "वाईच पाणी तरी इचारत्यात का बघू."

पाणी आलं.

"उकडाय लागलंय."

आण्णांनी हात लांब करून पंख्याचं बटण पुढे फिरवलं.

मामींचे डोळे भरून आले. "अवो," त्या मामांचा हात धरून म्हणाल्या, "असली माणसं मी जल्मात बघितली न्हाईत. न सांगता मनातलं वळखत्यात. सोन्यासारखं घर हाय, सोडू नगा."

माझी पाठ ताठ झाली. खिडकीत गंगुआक्काने दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. जमलं होतं. सहाव्या खेपेला जमलं होतं आणि माझे कान कुणाच्या गावीही नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि त्याच्या पाठोपाठ ती ट्रंकही डोळ्यांपुढे आली.

मग आण्णांनी विचारलं, "पावणं, पोरगं कारखान्यात कायम हाय न्हवं?"

साखर कारखान्यात दोन जातीचे कामगार असतात. एक कायम आणि एक हंगामी. कायमवाल्याला बारा महिने काम. हंगामीला उसाचं गाळप चालू असेल तोवर, मग घरी. मुलीच्या बापाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मामांनी उजव्या हाताची मूठ आवळून दाखवली आणि मान हलवली. हे वाचायला गंगुआक्काची गरज नव्हती. कायम म्हणजे कायम.

तेवढ्यात उमाकांत पहिल्यांदा बोलला. आतापर्यंत तो पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत बसला होता. त्याने मान वळवली, पण पूर्ण नाही. मला त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते.

"मामा, हंगामी हाय म्हणून सांगा की," तो म्हणाला.

मिशी हलली. मी खिडकीकडे बघितलं. गंगुआक्काचा चेहरा गजांमागे लाकडासारखा झाला होता.

"गप बस म्हणतोय," तिचे ओठ म्हणाले. "लगीन झाल्यावर सांगू म्हणतोय."

मला मामांचा असा संताप आला की बशी उचलून मारावीशी वाटली. काय माणूस आहे, म्हणे लग्नानंतर सांगू. आणि मग माझंच मला आठवलं. हात बशीवरून मागे घेतला.

आईनेही वाचलं होतं. ती पदराचं टोक चावत दारात उभी होती. वाचलं नव्हतं ते फक्त आण्णांनी, असं मला वाटलं. सुतात आयुष्य घालवून त्यांची नजर गेली होती आणि पाहुण्यांसमोर म्हातारं दिसू नये म्हणून आईने त्यांचा चष्मा काढून फळीवर ठेवला होता. ते भोळेपणाने हसत होते. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणलासा? कायम हाय?"

"कायम," मामा ओरडले. आता मलाही त्यांची मिशी वाचता यायला लागली.

उमाकांतने पोह्यांची बशी खाली ठेवली. "मामा, मला हे बरं वाटंना," तो म्हणाला. "उद्या त्या पोरीनं मला इचारलं तर मी तोंड कुटं लपवू?"

"त्या पोरीनं," असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. नेमका तेव्हाच मीही त्याच्या ओठांकडे बघत होते. त्याला वाटलं, मुलगी टक लावून बघतीय. तो कानापर्यंत लाल झाला. चेहरा असा बरा होता. पण मला आवडलं ते त्याचं हे तोंड लपवण्याचं बोलणं. तो तोंड कुठे लपवू म्हणत होता, आणि मी तर कानावरून वेणी आणून घट्ट पिना लावून बसले होते.

आण्णांनी पुन्हा कानामागे हात धरला. मला लाज वाटायला लागली. बारा मागांत कुठल्या मागाचा धागा तुटला ते घरात बसून सांगणारा माझा बाप आज असा ठार बहिऱ्यासारखा का वागतोय ते कळेना.

"माफ करा पावणं," ते ओरडले. "ह्या आवाजात नीट कळंना. नोकरीचं काय म्हणलासा?"

मामांनी छाती भरून श्वास घेतला. पण त्यांच्या आधी उमाकांत उभा राहिला. आवाज आमच्यापर्यंत पोचावा म्हणून त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले. मला काहीच दिसेना, पण कॉटवर मामांनी कपाळाला हात लावला त्यावरून काय चाललंय ते कळलं.

आणि लाईट गेली.

मला लाईट गेलेली तळपायांना कळते. सतरंजीखालची जमीन थरथरायची थांबली. ट्रेमधला एक कप मघापासून कडेकडेने चालत होता, तो उभा राहिला. पंखा मंद झाला. पुढे काय घडलं ते मला नंतर गंगुआक्काने सांगितलं. बारा माग थांबले, शेजारचे चोवीस थांबले, सगळी गल्ली एका क्षणात चिडीचूप झाली आणि त्या शांततेत उमाकांतचं उरलेलं वाक्य बाहेर पडलं, कारण ओरडायला लागलेल्या माणसाला मधेच थांबता येत नाही.

"...आनि सहा म्हैने घरात बसून असतो!"

समोरच्या माडीवरून कुणीतरी विचारलं, "कोण घरात बसून असतंय?"

"शालनचा पावणा," खालून उत्तर गेलं.

"बसंना का. आमचा बारा म्हैने बसतोय."

खोलीत मात्र कुणी हसलं नाही. उमाकांत तसाच उभा होता, तोंडाभोवतीचे हात आता खाली आलेले. मामा जमिनीकडे बघत होते. आण्णा शांत होते. आणि सहा दिवसांची मी संपून शुक्रवारची मी सुरू झाले होते, गुरुवार असूनसुद्धा.

मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्या पाठीमागे कुणाकडे तरी बघत घाईघाईने म्हणाली, "तिला काय इचारताय, आमी हाय की." मी वळून बघितलं. मामी उठून माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. आई माझ्या बदली बोलत होती. आता ती जन्मभर माझ्या मागे फिरून असंच बोलणार होती का?

मी उभी राहिले.

"मला ऐकायला येत न्हाई," मी म्हटलं. "उजव्या कानानं अजिबात न्हाई आनि डाव्यानं असून नसल्यासारखं. सगळं माग चालू असलं की मी ओठ बघून बोलते. म्हणून तुमाला आज बोलीवलं. पाच ठिकाणी नकार आलाय."

आमच्या गल्लीत कुणालाच आवाज लहान करता येत नाही आणि मला तर तो किती मोठा आहे तेही कळत नाही. हे सगळं चौकापर्यंत गेलं, असं आई अजून म्हणते. गंगुआक्काने गज सोडून कपाळ बडवलं.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढा वेळ चोर म्हणून बसलेल्या माणसाला अचानक पोलिसाची टोपी मिळाली. ते उठले, आण्णांपुढे बोट नाचवलं, मिशी वरखाली झाली. गंगुआक्काने त्याचं भाषांतर केलं नाही आणि गरजही नव्हती. "फसवलंसा आमाला" एवढंच ते असणार. ज्या वाक्याला मी दोन दिवस घाबरत होते ते शेवटी आण्णांच्या तोंडावर बोललं गेलंच. फक्त ट्रंक भरायचा त्रास वाचला.

मी परत खाली बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. रडायचं नाही असं ठरवलं आणि रडले. कोण उठलं, कोण गेलं, चपला कधी वाजल्या, काही कळायचा प्रश्नच नव्हता. मान खाली घातली की माझ्यापुरतं जग बंद. त्यातल्या त्यात हा एक फायदा.

बऱ्याच वेळाने सतरंजीच्या कडेला दोन पाय दिसले. मग गुडघे. मग उमाकांत माझ्यासमोर उकिडवा बसला, एवढा वाकून की त्याचं तोंड माझ्या खाली घातलेल्या तोंडाच्याही खाली आलं. तो काहीतरी बोलला. फार सावकाश, तोंड एवढं मोठं उघडून की मला त्याची दाढ किडलेली दिसली.

"मी मगाधरनं तीनदा इचारलं," तो म्हणाला. "मग आक्का म्हणल्या, म्होरं जाऊन इचार."

मी खिडकीकडे बघितलं. गंगुआक्का तिथेच होती. तिने डोळ्यांनीच त्याच्याकडे बघ म्हणून सांगितलं.

"काय इचारलं?" मी म्हटलं.

"तुमाला हंगामी मानूस चालंल का?"

मी पदराने नाक पुसलं. मामा दारात एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत थांबले होते. आई, आण्णा, मामी, खिडकीतल्या चार बायका, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची सवय. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे पहिल्यांदाच बघत होती.

"सहा म्हैने घरात बसून काय करता?" मी विचारलं.

तो गोंधळला. "काय न्हाई. मामांच्या म्हशी बघतो."

"कांड्या भराय शिकशीला?"

"शिकवलं तर शिकंन."

"मग चालंल," मी म्हटलं.

मामांनी पायातली चपलही काढली. मामी धपकन कॉटवर बसल्या आणि आण्णांना म्हणाल्या, "मी म्हणलं न्हवतं ह्यास्नी? मनातलं वळखणारी मानसं हाईत म्हणून." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मिठाच्या वाटीकडे बघितलं, पाण्याच्या तांब्याकडे बघितलं, बंद पंख्याकडे बघितलं आणि मग फार हळू माझ्या नाकाकडे बघितलं.

"म्हंजे मगाशी मी जे काय बोलले..."

"सगळं," गंगुआक्का खिडकीतून म्हणाली.

गाळप सुरू व्हायच्या आधी आमचं लग्न झालं. मामांनी आहेर चढवताना सगळ्यांदेखत माझे हात धरले आणि मिशीत काहीतरी बोलले. मला ते वाचता आलं नाही, पण डोळे ओले होते म्हणजे बरंच असणार. सासरी निघताना मी आण्णांना एकटं गाठलं. इतके दिवस एक गोष्ट मला खात होती.

"आण्णा, तुमी नोकरीचं तीनदा का इचारलं ओ? माझं तर काळीज खाली पडलं. तुमचा बी कान गेला का काय वाटलं."

आण्णा हसले. "माजा कान चांगला हाय. डोळं बी. चष्मा मला जवळचं बघाय लागतोय पोरी, लांबचं सगळं दिसतंय. आनि तुज्या गंगुआक्कानं वीस वर्षं त्या जॉबरची मिशी वाचली, मी काय त्याच्या हाताखाली झोपा काढल्या व्हय?"

"म्हंजे तुमाला पहिल्यांदाच कळलं हुतं?"

"व्हय की."

"मग परत परत का इचारलं?"

"पहिल्यांदा मामाला इचारलं," आण्णा म्हणाले. "म्होरचं दोनदा पोराला इचारलं."

यालाही आता अडतीस वर्षं झाली. उमाकांत आठ वर्षांनी कायम झाला, तोवर गाळप संपलं की आम्ही इचलकरंजीला यायचो आणि तो कांड्या माझ्यापेक्षा बऱ्या भरायला लागला होता. आता तो निवृत्त होऊन बाराही महिने घरात असतो, आणि बाराही महिने घरात असलेल्या नवराबायकोची भांडणं व्हायचीच. त्याने मला आजवर पाठीमागून कधी हाक मारलेली नाही. काहीही बोलायचं असलं, अगदी दूध उतू गेलं एवढंच सांगायचं असलं, तरी उठून समोर येतो, मगच तोंड उघडतो. भांडायचं झालं तरी तसंच. तो समोर येऊन उभा राहतो, तोंड उघडतो आणि मी डोळे मिटून घेते.

मग त्याची फार चडफड होते. बोलून उपयोग नाही आणि गप्प बसवत नाही. मी मिटलेल्या डोळ्यांनी स्वस्थ बसते, कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा तर बसल्याबसल्या डुलकी लागली. पण शेवटी केव्हातरी डोळे उघडावेच लागतात. उघडून बघते तर हा समोर उकिडवा बसलेला असतो, गुडघे दुखत असताना, आणि राग कशाचा होता ते विसरून गेलेला असतो.